आप्पांच्या गाडीचा सेन्सर

आमच्या आप्पांना कोणी साधा माणूस म्हणलं की मला त्यांच्या गाडीचा सेन्सर आठवतो. आप्पा म्हणजे माझे चुलते, माजी सरपंच. त्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आन् धुरळा उडवत माजलगावला जायला लागले. वाटेवरच्या दिंद्रुडच्या हॉटेलावर लोक म्हणायचे, "आप्पाला लई गुर्मी आली. हात बी करीना."

मग गाडी बिघडली. कितीबी रेस द्या, वरचा गिअर पडंना, चाळीसच्या पुढं जाईना. एवढ्या हळू जायचं म्हणल्यावर लोकांची नजर चुकवता येईना. आप्पा काच खाली घेऊन विचारायला लागले, "काय पाव्हणं, कापूस येचला का?" थोड्याच दिवसांत हॉटेलावर बोलणं फिरलं, "आप्पा लई बदलले बे!"

शेवटी मीच त्यांना मिस्त्रीकडं नेलं. त्यानं स्कॅनर लावला आन् म्हणला, "आप्पा, गिअरबॉक्स चांगला हाय. स्पीडचा सेन्सर गेलाय. आपण किती पळतोय तेच गाडीला कळंना, म्हणून ती वरचा गिअर टाकंना."

नवा सेन्सर बसला, गाडी सुसाट. आठवड्यात हॉटेलावर पुन्हा तेच, "आप्पाची गुर्मी परत आली."

हे कानावर आल्यावर आप्पा मला घेऊन तडक मिस्त्रीकडं गेले. मला वाटलं, आता ह्याची काही खैर न्हाई. पण आप्पा हळूच म्हणाले, "तो जुना सेन्सर फेकला तर न्हाई ना?"

"हाय की इथंच. कावून?"

"जपून ठेव. झेडपीची निवडणूक लागली की परत बसव."