विटेचा शेक

डॉ. अस्मिता : एवढा मोठा फोड! काका, कातडी जळेपर्यंत तुम्हाला कळलंच नाही?

कोंडाजी : नाय कळला. उलट मीच हिला सांगत होतो, अजून तापव गो, ऊबच लागत नाय.

ठमाबाई : मी चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली नि धरली तळव्याला. जळका वास आला तवा हात काढला. डॉक्टरीणबाय, मीच जाळला हो ह्यांचा पाय!

डॉ. अस्मिता : मावशी, रडू नका. शेक कशासाठी देत होतात?

ठमाबाई : वरीसभर मुंग्या येत होत्या. मग पाय सुन्नच पडले. चप्पल वाटेत निसटते नि हे तसेच पुढं जातात. शिमगा आठ दिवसांवर आलाय, गावच्या पालखीचा मान आमच्या घराचा. म्हटलं, वात असंल, शेकून जाईल.

डॉ. अस्मिता : काका, दारू किती घेता?

कोंडाजी : कधीमधी. सणावाराला.

ठमाबाई : वीस वरसं रोजच सण हाय आमच्याकडं! बिरवाडीच्या कंपनीतनं सुटले की आधी गुत्ता, मग घर. भाकरी टोपलीत तशीच.

कोंडाजी : तू गप गो! डॉक्टरीणबाय, दारू जाते पोटात. ती पायाला काय करील?

डॉ. अस्मिता : रक्तातून सगळीकडे जाते, काका. नसा खराब करते. त्यात तुम्ही जेवत नाही, नसांना पोषण नाही. पायाच्या नसा सगळ्यात लांब, म्हणून आधी पाय बधिर होतात. पुढे हातही.

ठमाबाई : बरं व्हतील ना पण?

डॉ. अस्मिता : दारू सुटली, नीट जेवले, तर वाढायचं थांबेल. थोडंफार हळूहळू परत येईलही. पूर्ण येईल असं मी खोटं सांगणार नाही. साखर तपासू. आजच दाखल व्हा, दारू सोडताना त्रास होतो, तो इथे सांभाळता येईल.

कोंडाजी : दाखल? नि पालखी? बापानं नाचवली, मी नाचवतोय. पोरगा मुंबईवरनं येतोय बघायला. एक पाय भाजला तर भाजला, दुसरा धड हाय. त्याला सगळं कळतं.

डॉ. अस्मिता : कळतं? मग डोळे मिटा. हात लागला की सांगा. मावशी, तुम्ही लावा हात.

(ठमाबाई त्याचं धड पाऊल दोन्ही हातांत घट्ट धरते.)

डॉ. अस्मिता : काका?

कोंडाजी : मिटलेत की डोळे. लाव ना गो हात. रागावलीस काय?