पाठीला पाठ

ठोंब्या: पुस्तकांची खोकी गेली सगळी टेम्पोत. हा कोट अडकवायचा स्टँडपण न्यायचा का? एक पाय लुळा झालाय याचा.

ताई: तो कॉलेजचा आहे, राहू दे. पाय मीच मोडलाय त्याचा.

ठोंब्या: का, काय भांडलात?

ताई: रेलले होते त्याच्यावर. नाचताना.

ठोंब्या: तू नाचतेस? मी सगळ्यांना सांगत आलो, माझी ताई नाचाची डॉक्टर आहे, नाचत नाही. एकाने तर गुडघेदुखीवर औषध विचारलं.

ताई: मग काय सांगितलंस?

ठोंब्या: म्हटलं, तिचे पेशंट कधीच वर गेलेत.

ताई: बरोबर सांगितलंस. माझ्या लाडक्या दोघी तर केव्हाच गेल्या. सख्ख्या बहिणी, जोडीने नाचायच्या. त्यांच्या एका नाचात धाकटी मधोमध उभी राहायची, जराही हलायची नाही. थोरली तिच्याभोवती नाचायची. त्याची ना फिल्म, ना फोटो. थोरली वारल्यावर मी तो धाकटीच्या तोंडून ऐकून लिहून काढला. माझी सगळी नोकरी त्या एका नाचावर झाली म्हण ना.

ठोंब्या: झालं की मग. रिटायर झालीस, आता आराम कर.

ताई: शेवट राहिलाय. थोरली दमते आणि धाकटीच्या पाठीला पाठ लावून रेलते. तिथून ती उठते कशी, ते मी विचारलं होतं. तर म्हातारी म्हणाली, रेलून बघ, कळेल.

ठोंब्या: मग रेलायचं ना कुणावर तरी.

ताई: कुणावर?

ठोंब्या: एवढी पोरं शिकवलीस.

ताई: पोरांवर कशी रेलणार? उद्या त्यांचेच पेपर तपासायचे. आणि बरोबरच्या प्राध्यापकांना विचारलं, तर ते चर्चेला तयार असायचे. म्हणून हा स्टँड. आज एक जुनी विद्यार्थिनी येते म्हणाली होती, सकाळी कळवलं जमत नाही. आता किल्ली परत करायची. उद्यापासून या हॉलमध्ये कॉम्प्युटर लागणार.

ठोंब्या: घरी कर की निवांत.

ताई: घरी तरी कोण आहे? संध्याकाळी कुलूप उघडताना नकोसं होतं रे. दिवा लावायलासुद्धा मीच.

ठोंब्या: माझ्याकडे ये म्हटलं की तुझी परिषद तरी असते, नाहीतर लेख तरी.

ताई: असायचा लेख. आता नसेल.

ठोंब्या: चल, निघू या. शिपाई दोनदा डोकावून गेला.

ताई: ठोंब्या, तू उभा राहतोस?

ठोंब्या: मी? मला नाचातलं ओ की ठो कळत नाही.

ताई: काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं.

ठोंब्या: तेवढं येतं. नाव उगीच नाही पाडलंस लहानपणी.

ताई: बूट काढ. इथे ये. खिडकीकडे बघ, मागे वळू नकोस.

(बराच वेळ लाकडी जमिनीवर फक्त तिची पावलं.)

ठोंब्या: ताई, धाप लागलीय तुला.

ताई: लागू दे. थोरलीलाही लागायची. आता रेलते हं.

ठोंब्या: रेल की.

ताई: रेललेय.

ठोंब्या: कुठे? नुसती टेकलीयस. पाहुण्यांच्या सोफ्यावर बसल्यासारखी. सगळा भार टाक.

ताई: तोल जाईल तुझा.

ठोंब्या: जन्मभर पोती उचलली मी. मी काय तो स्टँड आहे? टाक.

ताई: टाकला.

ठोंब्या: हां, आता आलीस. बाबांसारखी हाडं टोचतात तुझी.

ताई: गप्प राहा जरा.

ठोंब्या: राहिलो.

ताई: किती गरम आहे रे पाठ तुझी.

ठोंब्या: खोकी कुणी वाहिली? बरं, कळलं का, उठते कशी ती?

ताई: कळलं. ती उठतच नसणार. तिला उठवतच नसणार. शेवटी धाकटीलाच सरकावं लागत असेल.

ठोंब्या: म्हणजे आता मी सरकायचं?

ताई: इतक्यात नको.