कार्बन मोनॉक्साइड कोण?

‘उरलेली वर्षं एकाच घरात काढू या का?’ असं शाळेत बरोबर काम केलेल्या बाईंनी निवृत्त ग्रंथपालांना पत्रातून विचारलं, त्याला कित्येक महिने झाले होते. ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं. नकार द्यायला मन होत नव्हतं आणि होकार द्यायला धीर. आज पोस्टाच्या रांगेत त्यांच्या पुढे दोघी बहिणी परीक्षेची उजळणी करत होत्या.

“सोडियम ऑक्साइड?”

“आम्लारिधर्मी. आपली आई. आंबट माणूस दिसला की भिडलीच.”

“सल्फरचं?”

“आम्लधर्मी. आत्या.”

“आणि मधलं, अ‍ॅल्युमिनियमचं?”

“उभयधर्मी. बाबा! आईसमोर आत्यासारखे वागतात, आत्यासमोर आईसारखे.”

“ताई, हळू! लोक ऐकतायत. कार्बन मोनॉक्साइड?”

“उदासीन. ना आम्लाशी बोलणार, ना आम्लारीशी. आपला मामा.”

“बिचारा! कुणाच्या अध्यात ना मध्यात.”

“बिचारा कसला? रंग नाही, वास नाही, आणि शेजारचं माणूस गुदमरून जातं. मामीला विचार.”

“मग त्याच्यात काही फरकच पडत नाही?”

“पडतो की. काडी लाव, निळ्या ज्योतीनं छान जळतो.”

बहिणी तिकिटं घेऊन हसत निघून गेल्या.

“आजोबा, बोला,” खिडकीतला कारकून म्हणाला.

“एक... पोस्टकार्ड द्या.”

“पाकीट घ्या ना. कार्ड वाटेत सगळे वाचतात.”

“वाचू देत.”

टेबलाला दोरीनं बांधलेल्या पेनानं ग्रंथपालांनी आधी ‘हो’ लिहिलं. ते फारच तुटक वाटलं, म्हणून पुढे ‘कधी येऊ?’ असं जोडलं, बाईंचा पत्ता घातला आणि शाई वाळायच्या आत कार्ड पेटीत टाकलं.