पुनवेच्या दुपारचं पाणी

एखाद्यानं अख्खी खाडी मारली तर त्याला खुनी का म्हणत न्हाईत, सांगा बघू?

माझा जन्म रेवसजवळच्या कोळीवाड्यातला, लग्नही तिथंच, दोन आळ्या सोडून, म्हणजे खाडी काही सुटली न्हाय. ओहोटी लागली की आईच्या मागनं खडकावर जायचं, कालवं फोडायची. बारकं फोडलं की आई हातावर कोयतीची मूठ मारायची. आणि कुणी खडक पार खरवडून काढला तर काय सांगू तुम्हाला, वाड्यात बैठक बसायची, त्या बाईला चारचौघांत उभं करायचे.

मग वरच्या अंगाला कारखाना आला. ओहोटीला नाल्यातनं तांबडं पाणी, कालवं तोंड उघडून मेलेली, आमच्या पायांना फोड. प्रदूषण मंडळाकडं अर्ज मीच केला. साहेब आला तो पुनवेला, भर दुपारी. पुनवेच्या दुपारी भरती असते हे आमच्यात शेंबडं पोर सांगेल. पायरीपर्यंत पाणी, निळं, चांगलं. मी म्हटलं साहेब थांबा, चहा घ्या, संध्याकाळी पाणी उतरलं की नाला बघा. तो म्हणाला मावशी, मांडव्याची बोट चुकेल माझी. चहा प्याला, तपासायला पाण्याची बाटली भरली, पंच म्हणून कागदावर सही करा म्हणाला. सातवी शिकलेय मी, वाचून सही केली. लिहिलेलं, पाणी स्वच्छ, वास नाही. खोटं काहीच न्हवतं हो त्यात! आता कुठंही गेलं की कारखान्याचा माणूस माझीच सही माझ्यापुढं धरतो, आणि जाऊबाई म्हणतात, चहा पाजलास नि खाडी देऊन बसलीस.

दुसऱ्यांदा साहेब आला तो अवसेला. पुन्हा दुपारीच, पुन्हा भरती. तिथी त्याला कोण सांगतं?

आणि आता पोरी, तू आलीस कागद घेऊन. म्हणतेस, खाडी मारणं हा गुन्हा ठरवायचा, मोठ्या मालकालाही तुरुंग. व्हावं, माझ्या जिवंतपणी व्हावं. पण मी विचारलं, तुझ्या कायद्यात बाटली कोण भरणार, कधी भरणार, तर तू कागद उलटेपालटे करायला लागलीस. रागावू नको बाय, भाकरी खा, पण सही मी आज देणार न्हाय.

आणि तुम्ही, हे वाचणारे, तुमच्याकडंही ही येईल सही मागायला. परत पाठवू नका तिला. एवढंच करा, त्या कागदात आधी एक ओळ घालून घ्या: पाणी ओहोटीला भरायचं, खाडीवरची माणसं सांगतील त्या वेळी, त्यांच्या समोर. मग सही करा. तुमच्या खालीच मीही करीन.