मधलं गेलं कुठं?

...तर सीडीच्या कव्हरवर लिवलंय काय, 'पूरी कहानी, एक ही पिक्चर में!' असं मोठ्ठ्या पिवळ्या अक्षरात, शेजारी ते निळ्या केसांचं पोरगं काठी घेऊन हुबं, मागं ती सहा पायांची जनावरं, आन् त्याच कव्हरवर बोट आपटून आपटून सोमाजी गोरखला इचारतोय, "पूरी म्हंजी काय रं? पूरी म्हंजी सगळी ना? मग मधलं गेलं कुठं?" आता गोरखनं काय सांगावं, तुमीच सांगा! आळेफाट्यावर एवढुसं त्याचं सीडीचं दुकान, समोर यष्ट्यांचे भोंगे, दारात गिऱ्हाईक लग्नाची कॅसेट सीडीवर करून घ्यायला खोळंबलेलं, आन् हा साठीचा माणूस, डोक्याला मुंडासं, लहान पोरांच्या जपानी कार्टूनवरनं भांडतोय!

गोरख म्हणला, "बाबा, कंपनीनंच तसं काढलंय. टीव्हीवर एवढी मोठी शेरेल झाली, ती दोन तासात बसवायची म्हणल्यावर कापाकापी व्हणारच की. सारांश म्हणत्यात त्याला."

"सारांश शाळंत असतोय. मधलं गेलं कुठं ते बोल."

"ते जपानला इचारावं लागंल, बाबा."

हसला ना? आमीबी हसलो. अख्खं निमगाव सावा हसलं. पण तुमाला सांगतो, त्या माणसाचं दुखणं वेगळंच व्हतं, आन् ते कळायला लई उशीर लागला.

आता ही कार्टूनची भानगड मुळात घरात शिरली कशी? तर नात, प्रांजल. सातवीतली पोर. रोज दिवेलागणीला टीव्हीम्होरं बसायची, आन् सोमाजी रानातनं येऊन हातपाय धुऊन पितळीत च्या ओतून घेत नुस्ता तिरका बघायचा. कार्टून काय तर, हिंदीत बोलणारं जपानी पोरगं. ढगातल्या डोंगरावरनं जनावरं हाकत चाललंय, ह्या डोंगरावरनं त्या डोंगरावर, चाऱ्यापायी. म्होरं एक पांढरी म्हातारी मादी चालायची, तिच्या मागं सगळा कळप. पहिल्या दिवशी सोमाजी म्हणला, "सहा पाय? येडं का खुळं चितारणारं!" दुसऱ्या दिवशी गप बसला. तिसऱ्या दिवशी पितळी खाली ठेवून म्हणतो, "प्रांजल, जनावर चुकलंय त्याचं, पण पोरगं चालतंय बरोबर. मेंढरामागं असंच चालत्यात. काठी बघ की, मानंवर आडवी!"

झालं. अडाकला माणूस.

कारण सोमाजीचं घराणं मूळचं मेंढरांचं. बाप सारी हयात मेंढरामागं हिंडला, दिवाळी झाली की माळशेज उतरून कोकणात, पावसाआधी पुन्ना वर. येडगावच्या धरणाचं पाणी आलं तवा सोमाजी शेतीला लागला, कांदा, टमाटी. मेंढरं राहिली थोरल्या भावाकडं, भागूकडं. आता इतनं म्होरं जरा सावकाश बोलावं लागंल, कारण भागूचं नाव सोमाजीच्या घरात कुणी घेत नव्हतं.

पण आधी लाईट! लाईटीचं सांगितल्याबिगर तुमाला काय उमजायचं नाय. त्या सालांत लोडशेडिंग कसलं, कहर व्हता राव. सोमवार ते बुधवार संध्याकाळी गावठाणात लाईट, तवा मळ्यातल्या वस्तीवर अंधार. गुरुवारपसनं उलटं, वस्ती झगमग आन् गावठाणात चिमणी. सोमाजीचं घर गावठाणात, म्हंजी त्यानं ही गोष्ट बघितली कशी? निम्मी! बुधवारी पोरगं कड्याला लटाकतंय, आन् सोमवारी बघावं तर भाकर खातंय. मधी काय झालं? देवाला ठाऊक. रतनबाई, सोमाजीची बायकू, चुलीपसनं वरडायची, "अवो, पडलं असतं तर आज दिसलं असतं का? वाचलं म्हणायचं आन् जेवाया उठायचं!" पण सोमाजीचं समाधान नाय. वाचलं ते दिसतंय गं, वाचलं कसं?

आन् मग आला तो बुधवार. घाटात बरफ पडतंय, पांढरी मागं राहायला लागलीया, पाय टेकवंना, पोरगं तिला धरून बसलंय... आन् भाग संपला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, अंधार. सोमवारी लाईट आली तर कळप हिरव्या कुरणात, म्होरं दुसरंच जनावर चालतंय, आन् पोराच्या कमरंला पांढरीच्या गळ्यातली घंटा बांधलेली. कुणी काय बोलंना, कुणी काय सांगंना! सोमाजीला त्या रात्री भाकर गेली नाय.

शाळंतल्या पोरांना इचारलं. पोरं काय सांगत्यात? "मंग तो ढिशूम करतो, मंग लोखंडी राणी फुटती, मंग आग!" अरं, पांढरीचं काय झालं ते सांगा! "ती होय? ती मेली." एवढंच. मेली! जसं काय पेन्शिल हरावली.

म्हणून तर पिक्चरची सीडी आल्याचं प्रांजलनं सांगितलं तसा हा सकाळच्या यष्टीनं फाट्यावर. पूरी कहानी! आता कळंल म्हणला. भाड्यानं घरी आणून लावली. सुरवात झाक. डोंगर, कळप, पांढरी. घाट आला, बरफ आलं, सोमाजी म्होरं सरकला... आन् पडदा पांढरा झाला, ते पोरगं मागनं बोललं, "और फिर... बहुत कुछ हुआ!" आन् एकदम लढाईच सुरू!

बहुत कुछ हुआ! तुमाला सांगतो, असं एखाद्यानं तोंडावर म्हणलं असतं तर सोमाजीनं त्याला काठीच घातली असती. "बहुत कुछ काय रं? तेच तर बघायला आणलीय! मधलं गेलं कुठं?" म्हणूनच ते गोरखच्या दुकानातलं भांडण.

गोरखनं बिचाऱ्यानं कंटाळून सांगितलं, "ठेवा आणखी दोन दिवस, पुन्ना बघा, एखादं तुमच्याच नजरंतनं सुटलं असंल." घेऊन आला परत. आन् प्रांजलनं काय करावं? शाळंत जाऊन सांगितलं, रविवारी दुपारी आमच्याकडं पिक्चर हाय, लाईट हाय, या. पोरं तर येणारच व्हती. पण पोरांच्या मागनं दारात हुबं कोण राहावं?

भागू.

आता भागूचं सांगतो. त्या गोष्टीला बारा-तेरा वर्सं झाली असतील. माघात म्हातारा, म्हंजी ह्यांचा आबा, दुखण्याला पडला. भागू मेंढरं घेऊन कोकणात, मुरबाडकडं का कल्याणकडं, कुणाला ठाव? फोन कुणाकडं व्हता तवा? सोमाजीनं घाटातल्या ट्रकवाल्यांजवळ निरोपावर निरोप दिले. म्हातारा गेला, एक रात ठेवला, दुसरा दिवस उजाडला, भावकी म्हणली आता नाय ठेवता येत. माती दिली. निरोप भागूला घावला, तो आला, तवा दहावंसुदिक उरकलं व्हतं. अंगणात हुबा राहिला, खांद्यावरचं घोंगडं काढलं नाय, पाणी घेतलं नाय. एकच बोलला, "मातीला थांबला नायस." आन् वस्तीवर निघून गेला. सोमाजीबी पेटला, "मी काय मुद्दाम केलं व्हय? कुठं हुडकायचं व्हतं तुला?" पण हे बोलला घरात, भिंतीकडं तोंड करून. तवापसनं बंद. रस्त्यात गाठ पडली तर एक ह्या बांधानं, एक त्या बांधानं.

आन् तो भागू आज दारात! मेंढरं कधीच इकून झालेली, मुंडासं पांढरं, हातात काठी. आत येईना, मागं जाईना. प्रांजलकडं बघून म्हणतो, "बाय, तुज्या आज्याला इचार, घाट चढायच्या आधीचं दावणारेत का? आमच्याकडं सोमवारची लाईट नसती."

घ्या! म्हंजी हाबी बघत व्हता! गुरुवार ते शनिवार!

सोमाजी टीव्हीकडं बघत म्हणला, "प्रांजल, सांग त्यांना, दावणारेत. बसा म्हणाव."

प्रांजल म्हणली, "आजोबा, ते इथंच हायेत, त्यांना ऐकू येतंय."

"तू सांग म्हणलं ना!"

बसला. खोलीत दोन भाऊ, मधी सारी पोरं. रतनबाईनं आतनं डोकावलं, पदर सावरला, आन् च्याचं आधाण ठेवलं ते साखर टाकायची इसरली, एवढं सांगितलं म्हंजी बास. पिक्चर सुरू झाला. भागू म्हणायचा, "हां, असं व्हय! म्हणून ती काठी त्याच्याकडं!" आपल्याशीच. घाट आला. बरफ आलं. आन् ते भाडखाऊ पोरगं पुन्ना म्हणलं, "और फिर... बहुत कुछ हुआ!"

सोमाजी ताडकन उठला. "बघा! बघा! मधलं गेलं कुठं?"

"मला इचार ना," भागू बोलला. "म्या बघितलंय."

आता बोलून गेला बरं का. ध्यानात नव्हतं त्याच्या, आपण बोलत नाय ते. टीव्हीवर लढाई, पोरं टाळ्या पिटत्यात, आन् ही दोघं एकमेकांकडं बघत्यात, इतक्या वर्सांनी.

सोमाजीनंच मग तोंड उघडलं. "पांढरी... कशी गेली, दादा?"

भागूनं काठी आडवी ठेवली. म्हणला, "पोरगं नव्हतं तिथं. कळपाला चारा हुडकाया म्होरं गेलतं. तिच्याजवळ ते टोपीवालं, ते त्याचं जोडीदार, ते व्हतं. पोरगं माघारी आलं तवर दगडं रचून झालती. मंग पोरगं काय बोलंना. तर टोपीवालं सांगत बसलं. श्वास कसा चालला, डोळं कुणीकडं व्हतं, शेवटाला कान कसा हालला. अख्खा भाग नुस्तं सांगतंय, सोमा. मारामारी नाय, काय नाय. आमच्याकडची पोरं कंटाळून उठून गेली. म्या एकटाच बघत बसलो."

"म्हणूनच कापलं असंल," सोमाजी म्हणला.

"असंल." मग खाली बघत म्हणतो, "मला नाय कुणी सांगितलं."

आता इथं कुणी समजावून सांगायची गरज व्हती का? सोमाजीनं उठून टीव्ही बंद केला. पोरं वरडली, प्रांजलनं सगळ्यांना अंगणात काढलं, शहाणी पोर. आन् सोमाजी भावाच्या म्होरं जमिनीवर बसला आन् सांगाया लागला. आबाला खोकला कसा सुरू झाला. तांदळाच्या कण्यांची कण्हेरी कशी केली, ती कशी थुकून टाकली, "असली पातळ का?" म्हणून रतनबाईवर कसा खेकासला. हातपाय गार पडले तवा कुणी कुणी चोळले. कुठल्या कुशीवर निजला व्हता. सगळं, सगळं. भागू मधीच इचारायचा, "घोंगडं कंचं पांघारलं?" "काळं. त्याचंच." "हां." आन् पुन्ना ऐकायचा.

"शेवटाला काय बोलला?"

हेच तर सोमाजी इतकी वर्सं गिळून बसलता. "दादा, नाव नाय घेतलं कुणाचं. तुजं नाय, माजं नाय. म्या उशाशी तीन दिस बसलोय, पण माज्याकडं बघितलं नाय. सारखं एकच, 'मेंढरं आली का? मेंढरं आली का?' शेवटी म्या म्हणलो, आली आबा, बसवली आवारात. मग डोळं मिटलं."

भागूनं काठी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणतो, "मेंढरं कुणासंगं व्हती?"

"तुज्यासंगं."

"मग मलाच इचारत व्हता की रं."

आता सोमाजीला ठाव व्हतं, म्हातारा खरोखर मेंढरांचंच इचारत असणार. पोरांपरीस मेंढरांवर जीव जास्त, हे साऱ्या भावकीला ठाव. पण भागूचं तोंड बघितलं आन् म्हणला, "व्हय दादा. तुलाच."

आन् भागू रडला. मुंडासं सोडून त्यात तोंड घालून रडला. रतनबाईनं बिनसाखरेचा च्या आणून दिला, दोघांनी तो मुकाट पिला.

तर असं झालं. आता बोलत्यात. नुस्तं बोलत नाय, भागू थांबतच नाय! कुठं मयत असू द्या, बारसं असू द्या, आळ्याला न्हाव्याच्या दुकानात असू द्या, आबाच्या शेवटाची गोष्ट सुरू. "आबानं मला जवळ बोलावलं..." आं? "म्या पाय चोळत व्हतो, ऊब धरंना..." अरं, तू मुरबाडला व्हतास! "मग माजा हात धरून म्हणला, मेंढरं आली का? म्या म्हणलं, आली आबा." सांगताना डोळं भरून येत्यात, ऐकणारी बायामाणसं पदर डोळ्याला लावत्यात. आन् सोमाजी शेजारीच, मांडीवर हात ठेवून, गप.

परवा एका लग्नात हेच. रतनबाईला राहवंना. कोपरानं ढोसून म्हणती, "अवो, बोला की काहीतरी! तुमी व्हता तिथं, तुमी! त्यांनी तर बघितलंबी नाय!"

सोमाजीनं सुपारी कातरली, तोंडात टाकली, भावाकडं जरा वेळ बघत राहिला, आन् म्हणला, "सांगू दे गं. एवढं बेस सांगतोय... आता तर मलाबी वाटाया लागलंय, हाच व्हता तिथं."