हातभर उंचीवरची मूठ

या, जवळ सरका. कळंबच्या बसस्टँडवर सदाशिवराव शेजारणीला, बेबीताईला, काय सांगत होते ते ऐका.

"देवघराले सरकता दरवाजा म्याच बनवला, ताई. जुन्या पलंगाच्या फळ्या अन् खाली बेअरिंग."

"सुतार काहून नाही बोलावला?"

"मायचे गुडघे गेले, ते बसूनच सरकते. पहिलेचा दरवाजा ओढला का तिच्या अंगावर ये. मंग मलेच करून द्याचा होता."

"उघडते का तिले?"

"पहिल्या दिवशी नाही उघडला. मूठ माझ्या छातीएवढी उंच लावलती म्या."

"अन् म्हणे कारागीर."

"मंग हातभर उंचीवर आणली. आता माय एका बोटानं दरवाजा सरकवते, दिवा स्वतः लावते."

"अन् तुम्ही?"

"मूठ धराले आम्ही सारे वाकतो."

देवापुढं वाकाल, तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.