रोउता की राउता

"हॅलो?… कोण?… तैस्तोकाका! बोला ना… अहो ओरडू नका, येतंय ऐकू."

हिल्का ज्या वळणावर उभी होती तिथला रस्ता तिच्याच माणसांनी उकरून ठेवला होता. बर्चची पिवळी पानं खड्ड्यात हलकेच उतरत होती. उत्तर फिनलंडचा उन्हाळा असाच पानापानाने निघून जातो.

"तक्त्यांचा ट्रक आला, ठरल्याप्रमाणे तुमच्या अंगणात? वा!… परत पाठवला? कुणी?… तुम्ही? का पण?… फसवलं? कुणी फसवलं आपल्याला?… थांबा, थांबा. लोखंड? कसलं लोखंड, काका?… मी म्हणाले? 'राउताचे तक्ते येतील'?… अरे देवा! राउता नव्हे हो, रोउता!… तेच म्हणताय? नाही, तुम्ही लोखंड म्हणताय. मी थंडीत जमीन गोठते ना, ते म्हणतेय!"

म्हणता म्हणता तिचीच जीभ अडखळली. त्या दिवशी आपणच तर राउता म्हणालो नसू? एवढासा स्वर, इकडचा तिकडे.

"हो, थर्माकोलसारखेच दिसतात… नाही हो, खुराड्याला नाहीत, रस्त्यालाच! डांबराखाली… नाही चेपत, ओंडक्यांनी भरलेले ट्रक गेले तरी… अहो ऐका ना. रस्त्याच्या अंगाखाली गोधडी, समजा. थंडी खाली उतरत नाही, खालचं पाणी गोठून फुगत नाही, डांबर उचललं जात नाही… हो, तोच उंचवटा! दवाखान्याला जाताना टॅक्सी त्यावर आदळते आणि विएनोकाकू कळवळते, तोच… तिच्या पाठीसाठीच तर माझी ही धडपड… काका? रडताय?… नका ना. आधी सांगा, ट्रक कुठवर गेला? डांबर दुपारी येतंय, या हंगामातलं शेवटचं. तक्ते नसले तर हे लोक तसंच ओतून जातील… माहीत नाही? म्हणजे? जाताना पाहिला ना?… नाही पाहिला? मग गेला कशावरून?… तुम्ही 'जा' म्हणालात म्हणून?… काका, माझं डोकं फिरायला लागलंय."

पलीकडे काहीतरी खरखरलं. कुणीतरी काकांना दटावलं.

"कोण?… काकू! तू कशाला उठलीस?… काय?… ड्रायव्हर तुझ्या स्वयंपाकघरात?… कॉफी न घेता कसा जाईल, खरंच… वेलचीचा पावही?… मुद्दाम बसवून ठेवलास? म्हणजे तुला ठाऊक होतं तक्ते कशाचे ते?… मग काकांना सांगायचं ना!… सांगितलंस?… पुन्हा लोखंडच ऐकलं?"

हिल्का हसली, मग डोळे पुसत राहिली.

"हो, हो… अगं ऐक ना. मी येतेच आहे. तोवर त्याचा कप रिकामा होऊ देऊ नकोस… कॉफी संपली? मग दुसरी किटली चढव, काकू!"

तिने फोन खिशात टाकला आणि धावत सुटली.